उभ्या घड्याळातली पाकिटं

१

घड्याळजींना जाऊन एकवीस दिवस झाले होते, तेव्हा ते माणसाएवढं उभं घड्याळ न्यायला गिऱ्हाईक आलं. आठ वर्षांपूर्वी दुरुस्तीला टाकून हा गृहस्थ जो गायब झाला होता, तो आता उगवला. माणूस हयात असताना फिरकायचं नाही आणि गेल्यावर दारात हजर व्हायचं, काय म्हणावं अशा लोकांना! लेकीने त्याला वडिलांच्या कामाच्या खोलीत नेलं. लंबक काढून ठेवावा म्हणून तिने घड्याळाचं खालचं दार उघडलं, तर आतून सिगारेटची पाकिटं धडाधड तिच्या पायांवर कोसळली.

अठ्ठेचाळीस पाकिटं. सगळी रिकामी, एक सोडून. त्या एकात अकरा सिगारेटी होत्या.

आणि सगळीच्या सगळी नदीपलीकडची.

गिऱ्हाइकाला तिने घड्याळ देऊन वाटेला लावलं आणि तशीच जमिनीवर बसली. ती हद्दीवरच्या पुलाच्या नाक्यावर तपासनीस होती. इकडे एका पाकिटाला जे पडतं तेवढ्यात पलीकडे तीन येतात, त्यामुळे सकाळची बस रिकाम्या पिशव्या घेऊन पलीकडे जाते आणि दुपारी फुगलेल्या पिशव्या घेऊन परत येते. माणशी दोन पुडकी, म्हणजे वीस पाकिटं, एवढीच परवानगी. त्यावर एक जरी सापडलं तरी ही बाई सोडायची नाही. आयुष्यात कधी सिगारेट न ओढलेल्या आज्याही शेजाऱ्यांसाठी दोन-दोन पुडकी आणत, आणि त्यांच्याही पिशव्या ती तळापर्यंत उपसायची. गावात तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. वडील मात्र 'फौजदार' म्हणायचे. "आमचे फौजदार आले बरं का, हात वर करा," असं दारातच म्हणायचे आणि तिच्या हातातला डबा घ्यायचे.

तो डबा धुणं हे त्यांचं काम. चार कप्प्यांचा जुना डबा. ती तापाने पडली तेव्हासारखे मोजके दिवस सोडले तर एक दिवस चुकला नाही. शेवटी शेवटी हात थरथरायला लागले, तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, राहू द्या, मी धुते." त्यावर त्यांनी डबा छातीशी धरला होता. "एवढंच तर काम उरलंय मला. तेवढं काढून घेऊ नकोस."

सोळा महिन्यांपूर्वी इकडचा कर एकदम वाढला आणि घड्याळजींनी सिगारेट सोडली. रोजचं एक पाकीट ओढणारा माणूस, पण पेन्शनमध्ये ते परवडेना. डॉक्टर घसा कोरडा करून थकला होता, ते एका भाववाढीने करून दाखवलं. लेकीला त्याचा केवढा अभिमान! नाक्यावरच्या बैठकीत तिने उभं राहून सांगितलं होतं, "भाव वाढला की माणूस सुटतो. माझ्या घरचंच उदाहरण आहे."

घरचं उदाहरण आता तिच्या मांडीभोवती पसरलं होतं. कोणीतरी तिच्या बापाला आठवड्यामागून आठवडे विष पोचवत होतं, आणि तेही तिच्या नाकावर टिच्चून.

"सोडणार नाही," ती मोठ्याने म्हणाली. "कोण आहे तो, त्याला मी सोडणार नाही."

२

रडायचं नंतर, आधी काम, असा तिचा स्वभाव. तिने पाकिटं वडिलांच्या टेबलावर मांडली, त्यांचं भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक बघायला घेतलं.

पलीकडच्या दुकानदाराला विकल्याच्या तारखेचा शिक्का पाकिटाच्या तळाशी मारावाच लागतो, तिकडचा कायदाच आहे. तारखा लावून बघितल्या तर आठवड्याला एक पाकीट, इतकं नेमाने की घड्याळजींनाच शोभावं. म्हणजे एकदम पुडकं आणून ठेवलेलं नव्हतं. आणणारा वरचेवर पूल ओलांडणारा होता.

मधे दोन खाचा होत्या. एका ठिकाणी एक आठवडा चुकला होता, दुसरीकडे ओळीने दोन.

शिवाय प्रत्येक पाकिटाचे चारही कोपरे दाबलेले होते, सारखेच, आतल्या बाजूला वळलेले. खिशात चेपलं तर एखादा कोपरा चेपतो. चारही कसे चेपतील? याचा तिला काही केल्या अर्थ लागेना.

शेवटचं पाकीट ते अकरा सिगारेटींचं. त्याची तारीख वडील जाण्याच्या दहा आठवडे आधीची होती. त्यानंतर काही नाही. याचा अर्थ मात्र तिला चटकन लागला. त्याच सुमाराला नाक्यावर सूचना लागली होती की नवं यंत्र येणार, प्रत्येक पिशवी त्यातून जाणार. आणणारा घाबरला! आणि बाबा बिचारे उरलेल्या अकरा पुरवून पुरवून ओढायच्या म्हणून ठेवून बसले.

"यंत्राला घाबरतो म्हणजे रोजच्या येण्याजाण्यातलाच कोणीतरी," ती स्वतःशीच म्हणाली. घरात पाऊल टाकणारी आणि पूल ओलांडणारी माणसं मोजून तीन होती.

३

पहिली शेजारची शिवणवाली मावशी. दर शनिवारी पलीकडे जाऊन स्वतःच्या सिगारेटी आणायची आणि ते कधी लपवायचीही नाही. लेक दारात उभी राहिली तसं मावशीने मशीन थांबवलं.

"मी ओढते, तर मीच त्यांना दिली असणार, असंच ना?" मावशी म्हणाली. "अगं, सगळा उन्हाळा पाय प्लॅस्टरमध्ये होता माझा. मलाच कोणी आणून देईना, मी त्यांना कुठून देऊ?"

ते खरं होतं. उन्हाळ्यातली पाकिटं ओळीत होती, एकही चुकलं नव्हतं. लेक उठली, तेवढ्यात मावशी घुटमळत म्हणाली, "एक सांगू? सांगायचं नाही अशी शपथ घातली होती त्यांनी. पण आता कसली शपथ. कर वाढला ना, त्यानंतर महिन्याभराने असेल, तुझ्या बाबांना मी बसमधून उतरताना बघितलं. चेहरा पांढराफटक. बसड्रायव्हर त्यांना हाताला धरून उतरवत होता."

बाबा पुलावर गेले होते? तिला न सांगता?

दुसरा तिचा धाकटा भाऊ. तो पलीकडे छापखान्यात कामाला होता, महिन्यातून एकदा यायचा. तिने फोन लावला आणि विचारलं.

"आणली असती, ताई," तो म्हणाला. "एका शब्दावर आणली असती, तुझ्या शिव्या खाऊन. पण त्यांनी माझ्याकडे मागितलीच नाही गं. मला तेच लागलंय. माझ्याकडे का नाही मागितली?"

महिन्यातून एकदा येणारा आठवड्याला एक पाकीट आणणार कसं? भाऊ सुटला.

उरला बसड्रायव्हर.

४

ड्रायव्हरमामा बावीस वर्षं त्या पुलावर बस चालवत होते. गावातलं प्रत्येक पोर त्यांच्या मांडीवर बसून एकदा तरी हॉर्न वाजवून गेलेलं, लेकसुद्धा. तिने त्यांना नाक्याच्या खोलीत बोलावलं आणि बसायलाही सांगितलं नाही.

"माझ्या वडिलांना तुम्ही बसमधून आणलंत, हे खरं?"

मामांनी टोपी काढली. "खरं आहे, बाई. पुलावर तिसऱ्या खांबापाशी बाक आहे ना, तिथे बसले होते. श्वास पुरत नव्हता. पलीकडे पायी निघाले होते म्हणे. मी गाडी थांबवली, घेतलं, घरी सोडलं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"हात जोडले हो त्यांनी माझ्यापुढे. म्हणाले, फौजदाराला कळलं तर घरात कोंडून ठेवेल."

"आणि मग पुढे दर आठवड्याला तुम्हीच पाकीट पोचवायला लागलात. त्यांना चालणं नको म्हणून. हो ना?"

"देवाशपथ नाही. काय बोलताय काय तुम्ही!"

"रोज ये-जा करणारे तुम्ही. बाबांची नड माहीत असलेले तुम्ही. यंत्राची सूचना लागली आणि पाकिटं थांबली." तिने हात पुढे केला. "पुलाचा परवाना द्या. सोमवारी मोठ्या साहेबांपुढे उभं राहायचं आणि तिथे काय ते सांगायचं."

परवाना गेला की बस गेली, हे दोघांनाही माहीत होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती त्यांची. मामांनी खिशातून तो झिजलेला परवाना काढून टेबलावर ठेवला. दारापर्यंत गेले आणि वळले.

"बाई, रागात आहात, बाप गेलाय, मी समजू शकतो. पण एक बघा. मागच्या वर्षी पुलाचं काम निघालं तेव्हा बस तीन आठवडे बंद होती. एकही उतारू ना इकडून गेला ना तिकडून आला. मी त्या दिवसांत गावाला होतो. त्या तीन आठवड्यांतलं पाकीट तुमच्याकडे असेल, तर ते मी आणलेलं नाही."

५

घरी जाऊन तिने शिक्के पुन्हा बघितले. पूल बंद होता त्या तीन आठवड्यांची तीन पाकिटं होती.

हे आधी कसं दिसलं नाही? दिसलं नाही, कारण बघायचं नव्हतं. कोणाची तरी मान हातात हवी होती, मामांची सापडली.

त्या तीन आठवड्यांत पूल ओलांडायची मुभा फक्त नाक्यावरच्या नोकरमाणसांना होती, तीही पायी. दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी मिळून एकच कँटीन होतं आणि ते पलीकडच्या टोकाला. तिथे जेवायला सगळे रोज जायचे, अकरा जण. आणि या अकरा जणांच्या पिशव्या कधीच कोणी उघडत नसे. तपासणाऱ्याला कोण तपासणार?

म्हणजे चोर नाक्यातलाच होता. तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसणारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन तिने हजेरीपट काढला. दोन खाचा होत्या. पहिली एका आठवड्याची, दुसरी दोन आठवड्यांची. जो आणत होता तो त्या दिवसांत कामावर नसणार, साधा हिशेब. तिने पहिल्या खाचेचा आठवडा उघडला आणि बोट खाली फिरवत नेलं. हजर, हजर, हजर. दहा जण हजर. एकाच ओळीत सात दिवस लाल शेरा: आजारी. दुसरी खाच उघडली. पुन्हा दहा जण हजर, पुन्हा त्याच ओळीत शेरा: प्रशिक्षणासाठी बाहेरगावी.

ती ओळ तिची स्वतःची होती.

तिने हजेरीपट मिटला. मग हळूच तिने पायाशी ठेवलेल्या पिशवीतून डबा काढला. चार कप्पे सुटे केले. खालचा सगळ्यात लहान, त्यात फारसं काही मावत नाही म्हणून ती तो रिकामाच आणायची. वडीलच म्हणायचे, राहू दे, एक कप्पा काढला तर कडी सैल पडेल. पर्समध्ये आणलेलं एक रिकामं पाकीट तिने त्या गोल कप्प्यात आडवं घातलं. जरासं दाबावं लागलं.

चारही कोपरे तंतोतंत बसले.

६

कँटीनकाका सकाळचा चहा उकळायला ठेवत होते. जेवण झालं की सगळ्यांचे डबे घेऊन विसळायचे आणि कडी लावून परत द्यायचे, ही त्यांची जुनी खोड. "खरकटा डबा माझ्या कँटीनमधून बाहेर जायचा नाही," म्हणायचे. घड्याळजी घरी त्यावर हसायचे. "तुझा काका डबा धूत नाही, नुसतं पाणी दाखवतो." म्हणून मग स्वतः पुन्हा धुवायचे. तिला ते सगळं किती गोड वाटायचं!

तिने डबा काउंटरवर ठेवला. खालचा कप्पा काढून पुढे सरकवला. त्यात पाकीट होतं.

काकांनी गॅस बंद केला.

"बस, पोरी," ते म्हणाले.

"तुम्ही घालत होतात."

"हो."

"आणि मी नेत होते. अठ्ठेचाळीस आठवडे. माझ्या हाताने. लोकांच्या आज्यांच्या पिशव्या उपसत होते मी, काका! आणि माझ्या बापाचं मरण माझ्याच डब्यातून नेत होते!"

काका काउंटरला वळसा घालून आले आणि तिच्यासमोर बसले. ते आणि घड्याळजी शाळेपासूनचे दोस्त. दोघांनी पहिली सिगारेट एकाच काडीवर पेटवली होती, हे दोघेही पोरांसमोर कधी कबूल करत नसत.

"तो पायी निघाला होता," काका म्हणाले. "तिसऱ्या खांबापर्यंत आला नि बसला. तीन पावलं पुढे टाकायची ताकद नाही आणि मला फोन करून म्हणतो, उद्या पुन्हा बघतो. उद्या पुन्हा! पुलावरच मेला असता तो, तुझ्या डोळ्यांसमोर. मी म्हटलं, बाबा रे, येऊ नकोस, आठवड्याला एक पाठवतो. रोज एक पाकीट ओढायचा, ते आठवड्याला एक. मला वाटलं, तेवढं तरी कमी. चुकलं असेल माझं. रोज तेच मनात येतं."

"माझ्या भावाकडे का नाही मागितली?"

"ते विचारलं मी. म्हणाला, बहिणीने भावाची पिशवी उघडली आणि त्यात माझी सिगारेट निघाली, तर दोन लेकरांत माझ्यामुळे कायमची गाठ पडेल. तुझी पिशवी कोणी उघडणार नाही एवढाच त्याचा विचार. तुझ्यापासून लपवायला त्याला तुझ्याइतकी सुरक्षित जागा नव्हती बघ."

ती हसली आणि लगेच रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, दोन्ही हातांत तोंड धरून.

"एक पटत नाही," जरा वेळाने डोळे पुसत ती म्हणाली. मुरलेली तपासनीस होती ती, रडतानाही धागा सोडत नव्हती. "दहा आठवडे आधी का थांबलात? यंत्राला घाबरलात?"

"मी कशाला घाबरतो? मला काय करणार ते यंत्र?" काका म्हणाले. "सूचना लागली त्या दिवशी तुझ्याशी बोलता बोलता कळलं, नोकरांच्या पिशव्यासुद्धा यंत्रातून जाणार. मी सहज त्याला फोनवर सांगितलं. एक मिनिट गप्प राहिला. मग म्हणाला, आजपासून बंद. मी म्हटलं, अरे, दुसरी काहीतरी वाट काढू. म्हणाला, नको, माझ्या पोरीच्या नोकरीवर बालंट आलं तर मी कुठे तोंड दाखवू? आणि त्या दिवसापासून ओढली नाही त्याने. मी खोदून खोदून विचारायचो. म्हणायचा, अकरा शिल्लक आहेत, हात लावलेला नाही."

अकरा. पुरवून ओढायला ठेवलेल्या नव्हत्या त्या. अर्ध्यात थांबवलेल्या होत्या. डॉक्टरने पाया पडून सांगितलं, स्वतःचा श्वास तुटत होता, भाव तिप्पट झाला, तरी जी सुटली नाही ती त्या माणसाने एका मिनिटात सोडली. तिच्या नोकरीसाठी.

"उशीर झाला होता," काका म्हणाले. "फुप्फुसं आधीच गेली होती, डॉक्टर म्हणाला मला. पण सोडली होती गं त्याने. हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं."

७

सोमवारपर्यंत थांबायची गरजच नव्हती. तिने त्याच दिवशी मामांच्या घरी जाऊन परवाना त्यांच्या हातात दिला आणि वाकून पाया पडली. मामा गडबडले. "अहो बाई, हे काय!" म्हणाले, आणि मग त्यांनाच रडू आलं. नाक्यावर परतून तिने नोंदीचा कागद भरला. कोणता माल, किती नग, कधीपासून, सगळं बारीक अक्षरात. 'आणणाऱ्याची सही' या रकान्यात तिने स्वतःची सही केली आणि कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवून आली. पाठवणाऱ्याचा रकाना तिने कोरा सोडला. आयुष्यात पहिल्यांदाच.

संध्याकाळी सहाला ती घरी पोचली. कामाच्या खोलीच्या दारात थांबली आणि सवयीने डबा पुढे केला. घ्यायला कोणी नव्हतं. हात तसाच राहिला.

मोरीत बसून तिने नळ सोडला. कडी काढली, कप्पे सुटे केले. सकाळपासून एक काटा तिच्या मनात रुतून बसला होता. गेलं वर्षभर तिला जे प्रेम वाटलं, ते सगळं सिगारेटसाठीच होतं की काय? 'एवढंच तर काम उरलंय मला' म्हणत त्यांनी डबा छातीशी धरला होता, तो तिचा डबा म्हणून, की त्यात पाकीट होतं म्हणून? हे आता विचारणार कोणाला?

खालचा लहान कप्पा घासता घासता तिचा हात थांबला.

डबा छातीशी धरला तो दिवस तिला नीट आठवत होता. त्याच सकाळी डॉक्टरने घरी ऑक्सिजनचं नळकांडं पाठवलं होतं. बाबा जाण्याच्या पंधरा दिवस आधी.

पाकिटं तर दहा आठवडे आधीच थांबली होती.

तेव्हा त्या डब्यात काहीच नव्हतं. त्या दिवशी नव्हतं, त्याच्या आधीचे आठ आठवडे नव्हतं, नंतरही नव्हतं. तरी रोज संध्याकाळी सहाला ते भिंतीला धरून दारापर्यंत येत होते, नाकात नळी असताना "हात वर करा" म्हणत होते, आणि थरथरत्या हातांनी चारही कप्पे धूत होते. खालचासुद्धा, जो तिने वापरलेलाच नसायचा.

"बाबा," ती नळाच्या आवाजात म्हणाली. "अहो बाबा."

मग तिने चारही कप्पे पुन्हा एकदा धुतले, त्यांच्यासारखे, काठापासून आत बोट फिरवत, आणि पुसून त्यांच्या टेबलावर पालथे घातले.